बातमीत ते ७२ तास पण छापा

संपादक महोदय,

निर्वासितांच्या छावणीतल्या पोरींवरच्या अत्याचाराच्या बातम्या येतात, त्यात आरोपी, पोलीस, राजकारण सगळं असतं, पण कामाची एक गोष्ट कुणी छापत नाही. बलात्कारानंतर ७२ तासांच्या आत पीईपीच्या, म्हणजे एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून घटनेनंतर घ्यायच्या गोळ्या सुरू केल्या आणि २८ दिवस न चुकता घेतल्या तर एचआयव्हीचा धोका खूप कमी होतो, अर्थात जितक्या लवकर तितकं बरं. आता घरदार सुटलेली, कागदपत्रं नसलेली १८-१९ वर्षांची मुलगी, तिला आधी तक्रार कर मग औषध बघू असं सांगितलं की झालंच, ती परत फिरकतच नाही. डब्ल्यूएचओ तर म्हणते उपचारासाठी पोलीस तक्रारीची अट नकोच. आणि गोळ्या ठेवायच्या कुठे हो, एका तंबूत सात माणसं, डबी नुसती वाजली तरी सगळ्यांना कळतं!

कंडोम वापरा हा सल्ला पण ठीकच, पण ज्याच्या हातात रेशन आहे त्याला ती नाही कशी म्हणणार? तिच्या स्वतःच्या हातात राहील अशी प्रेपची, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीपासूनच घ्यायची गोळी मिळायला हवी, आणि संडासाला आतून कडी, वाटेवर दिवा, हा पण एचआयव्ही प्रतिबंधच आहे की. पुढच्या बातमीत निदान ते ७२ तास तरी लिहा.

- एक वाचक