वहीतली मारामारी आणि चौकातला कोयता

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

हिंसक गेमविषयीचे कालचे संपादकीय वाचले. त्यातील काळजी समजू शकते. परंतु गेममध्ये गोळ्या झाडणारा मुलगा उद्या खऱ्या गोळ्या झाडील, हे आपण इतक्या सहज कसे गृहीत धरलेत, ते कळले नाही. हिंसाचारामुळे पबजी या गेमवर बंदी आली, हा आपला दाखलाही चुकीचा आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ ॲपवर जी बंदी आली, त्यांत पबजी होते आणि कारण देशाच्या सुरक्षिततेचे व वापरकर्त्यांच्या माहितीच्या सुरक्षिततेचे दिले गेले होते, हिंसाचाराचे नव्हे.

अशा सरसकट संशयाचा प्रसाद आमच्या घराने नुकताच घेतला आहे. माझा नातू सांगलीतल्याच एका शाळेत आठवीत आहे. त्याने बीजगणिताच्या वहीत मागच्या पानांवर एक गोष्ट लिहिली. कृष्णेला पूर आला आहे, मुले शाळेच्या गच्चीवर अडकली आहेत आणि पाण्यातून चालून आलेल्या झॉम्बींना ती स्टंपांनी बडवून काढत आहेत, अशी ती गोष्ट. सोबत जिना, प्रयोगशाळा आणि गच्चीचे दार दाखवणारा नकाशा होता. त्या नकाशावरून मुख्याध्यापकांनी आम्हाला बोलावून घेतले आणि ‘असा प्रकार पुन्हा होणार नाही’ असे हमीपत्र लिहून घेतले. गोष्टीत मारले जाणारे सगळे आधीच मेलेले आहेत, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले, तर तो उद्धटपणा ठरला.

त्याच सुमारास आमच्या गल्लीतील एका दुकानदाराचे नाव घेऊन, हातात कोयता धरून, ‘शनिवारी दुकान उघडून दाखव’ असा व्हिडिओ एका तरुणाने स्टेटसला ठेवला. दुकानदार तक्रार द्यायला गेला, तेव्हा एनसी (अदखलपात्र गुन्हा) नोंदवून ‘आपसात मिटवा’ असा सल्ला त्याला मिळाला!

कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्यालाही एवढे कळते, की भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली (म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेच्या ५०३ आणि ५०६ खाली) धमकी ठरायला समोरच्याला भीती घालण्याचा हेतू लागतो. नातवाच्या वहीत एखाद्या वर्गमित्राचे नाव असते, हल्ल्याचा दिवस ठरलेला असता, किंवा ते पान त्या मुलाच्या दप्तरात सरकवलेले असते, तर हमीपत्रावर न थांबता मीच पोरासह पोलिसांकडे गेलो असतो. यातले काहीच नसताना निव्वळ कल्पनेतल्या मारामारीवरून मुलाला गुन्हेगाराच्या रांगेत बसवणे कोणत्या न्यायात बसते? सांगलीतच जन्मलेल्या नाटककार खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’तील कीचकात इंग्रजांना माजी व्हाइसरॉय कर्झन दिसला आणि १९१० मध्ये त्यांनी त्या नाटकावर बंदी घातली. त्या बंदीचे समर्थन मी करणार नाही. पण साहेबाने निदान नाटक समजून घेतले होते. आमच्या शाळेने नकाशा पाहिला, गोष्ट वाचलीच नाही.

जाता जाता एक विचारतो. मुलांच्या नजरेस रक्त पडू नये, ही चिंता ज्या अंकात आपण वाहिलीत, त्याच अंकाच्या पहिल्या पानावर अपघातातील रक्ताने माखलेल्या मोटारीचे रंगीत छायाचित्र कशासाठी होते? ते कोणत्या वयाच्या वाचकांसाठी होते, याचाही खुलासा व्हावा.

वही अद्याप मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे. घटक चाचणी तोंडावर आली असून बीजगणिताचा सारा गृहपाठ त्याच वहीत आहे. तेव्हा गोष्टीची पाने हवी तर ठेवून घ्यावीत, पण बाकीची वही परत करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कर्मचारी, विश्रामबाग, सांगली