दसरा झाला की ओबुसेला या

नागानो, २० ऑगस्ट

ती. आई आणि ती. बाबा यांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "आता या वयात एवढ्या लांब येऊन काय करायचं? तू फोटो पाठव, आम्ही बघतो." तेव्हा ऑफिसला निघायची घाई होती, म्हणून आज निवांत लिहायला बसले आहे. टोकियो-क्योटो दाखवायचा माझा हट्ट नाही. तिथली गर्दी, स्टेशनातले जिने आणि आईचा गुडघा, सगळं डोळ्यांसमोर आहे. मला तुम्हाला ओबुसे दाखवायचं आहे. माझ्या घरापासून जवळ, छोटंसं गाव. क्षेत्रफळ जेमतेम १९ चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या नागानो प्रांतात सगळ्यांत लहान. वस्ती अकरा हजारांच्या आसपास.

बाबा, ओबुसे तुमच्यासाठी का, ते आधी सांगते. जपानी चित्रकार होकुसाईची ती उसळलेली लाट तुम्ही इंटरमीजिएटच्या मुलांना दाखवायचात आणि पाण्याला नखं फुटल्यासारखी दिसतात ती बोटानं गिरवायला लावायचात. तो होकुसाई म्हातारपणी या गावात आला होता. १७६० चा त्याचा जन्म, आणि इथं पहिल्यांदा आला तो १८४२ मध्ये, म्हणजे वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. एदो, म्हणजे आजचं टोकियो, इथून सुमारे अडीचशे किलोमीटर लांब. मध्ये डोंगर, आणि प्रवास पायी. गावातला ताकाई कोझान हा सधन व्यापारी स्वतः चित्रं काढायचा, विद्वान होता, होकुसाईला गुरू मानायचा. त्यानं म्हाताऱ्यासाठी आपल्या आवारात चित्रं काढायला एक छोटी खोली बांधून दिली. कोझानचं घर आता संग्रहालय झालंय आणि ती खोली तिथंच आहे. होकुसाई इथं पुन्हा पुन्हा येत राहिला.

गावात होकुसाईचं संग्रहालय आहे, १९७६ मध्ये सुरू झालेलं. तिथं उत्सवाचे दोन जुने रथ ठेवलेत. त्यांच्या छताच्या आतल्या बाजूला त्यानं चित्रं काढली आहेत: एका रथात ड्रॅगन आणि फीनिक्स, दुसऱ्यात दोन लाटा. त्या लाटांखाली उभं राहून मी वर बघत होते आणि सारखं वाटत होतं, बाबा शेजारी हवे होते. तुमच्या वहीतली लाट आडवी धावते, समोर होड्या असतात, लांब फुजी असतो. इथं होडी नाही, किनारा नाही, नुसतं पाणी स्वतःभोवती फिरत मध्यभागी खोल जातं. निळ्याच्या किती छटा आहेत ते तुम्हीच मोजाल. मला फक्त एवढं दिसलं की फेसाचा एकेक थेंब वेगळा काढलाय, आणि तेही चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या हातानं. त्याच सुमाराच्या काही महिन्यांत तो रोज सकाळी उठून एक सिंह काढायचा, अरिष्ट टळावं म्हणून. आणि त्याची मुलगी ओई, तीही पट्टीची चित्रकार. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर बापाकडे आली आणि त्याच्या शेवटापर्यंत त्याच्याबरोबर काम करत राहिली. तिच्याबद्दल लोक कमी बोलतात. मी मात्र तिच्याबद्दल जे सापडेल ते वाचते.

गावाच्या कडेला, डोंगराच्या पायथ्याशी गानशो-इन नावाचं बौद्ध मंदिर आहे. तिथं छतावर त्याचा प्रचंड फीनिक्स आहे, साधारण साडेपाच मीटर बाय सव्वासहा मीटर. १८४८ मधलं काम. पुढच्याच वर्षी होकुसाई गेला. रंग खनिजांचे, आणि तेव्हापासून कुणी पुन्हा हात फिरवलेला नाही, तरी तांबडा आणि हिरवा अजून ओला वाटावा असा. पूर्वी लोक जमिनीवर आडवे होऊन बघायचे, आता खुर्च्या मांडलेल्या असतात. कुठल्याही कोपऱ्यात बसा, पक्ष्याचा डोळा तुमच्यावरच. पिसांच्या मधल्या मोकळ्या जागेत उलटा फुजी दडवलाय असंही सांगतात. आत फोटो काढू देत नाहीत. त्यामुळे बाबा, फोटो पाठवायचा प्रश्नच मिटला, इथं तुम्हालाच यावं लागेल. स्टेशनपासून मंदिर अडीचेक किलोमीटर आहे, तिथं चालत जायचं नाही, टॅक्सी करू. पुढे थोड्या पायऱ्या आहेत, त्या आई सावकाश चढेल.

आता आई, तुझ्या काळजीचा विषय: खायचं काय. सोबाच्या, म्हणजे इथल्या बकव्हीटच्या शेवयांच्या, सारात आणि बऱ्याच भाज्यांत सुक्या माशाचा अर्क असतो, हे खरं आहे, आणि मी ते तुझ्यापासून लपवणार नाही. पण ओबुसे चेस्टनटसाठी प्रसिद्ध आहे. मत्सुकावा नदीनं आणलेल्या आम्लधर्मी मातीत बरीच पिकं धड येत नाहीत, चेस्टनट मात्र छान येतं. जुन्या काळी इथली फळं एदोला शोगुनकडे, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याकडे, नजराणा म्हणून जायची. आज गावात मिठाईची दुकानं एकाला लागून एक आहेत, साकुराई कानसेइदो तर १८०८ पासूनचं. इथला कुरी-योकान म्हणजे चेस्टनटचा गर, साखर आणि समुद्री शेवाळातून काढलेलं आगर, बास. कुरी-कानोकोमध्ये गरात अख्खी फळं घातलेली असतात. अंडं नाही, जिलेटिन नाही. दोन्ही तू निर्धास्त खाशील. कुरी-ओकोवा हा चिकट तांदूळ आणि चेस्टनटचा वाफवलेला भात, लाकडी डब्यात येतो. त्याच्या ताटात बाकीच्या वाट्या बहुतेक माशाच्या असतात, त्या मी बाजूला काढीन.

आणि एक प्रकार फक्त नवं पीक आल्यावर, शरदातले थोडे आठवडे मिळतो. ओबुसेदो नावाच्या दुकानात सकाळपासून लोक नंबर घेऊन थांबतात. चेस्टनट नुसतं वाफवून, साखर न घालता, सोऱ्यातून शेव पाडावी तसे बारीक धागे पाडतात आणि गोड गरावर त्यांचा डोंगर रचतात. चमचा लावला की धागे अलगद तुटतात. आधी काहीच गोड लागत नाही, मातीचा, भाजल्या शेंगांच्या जवळचा वास येतो, मग खालचा गोडवा वर येतो. बाबांची साखर बघता धागे त्यांना आणि गर तुला, असं मी ठरवलंय. तुम्ही याल तोवर ते संपलं असेल तर वाईट वाटून घ्यायचं नाही. सफरचंदं तर नोव्हेंबरभर आहेत, झाडावरून उतरवलेली, हातात मावणार नाहीत एवढी.

वांगीसुद्धा आहेत. ओबुसेचं गोल, मोठं वांगं असतं, घट्ट गराचं. ते ओयाकीत भरतात. ओयाकी म्हणजे गव्हाच्या पारीत भाजी भरून भाजलेला नाहीतर वाफवलेला गोळा. सारणात मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा असतो, पण माशाचं काही नाही ना, ते विकणाऱ्या आजीला विचारून घेऊ.

गावात फिरायला तर तुला फारच आवडेल. दुकानांच्या मागून एक गल्ली जाते, तिथं फरशीऐवजी चेस्टनटच्या लाकडाचे ठोकळे बसवलेत. पायाला मऊ लागतात, तुझ्या गुडघ्याला बरं. आणि २००० सालापासून इथले लोक आपली बाग येणाऱ्या-जाणाऱ्याला खुली ठेवतात. शंभराहून जास्त घरं आहेत अशी. फाटकाशी पाटी असते, ती दिसली की खुशाल आत जायचं, कुणी तिकीट मागत नाही. घराचं बाहेरचं अंग सगळ्यांचं, आतलं आपलं, असं हे लोक मानतात. मी एकदा एका बागेत डोकावले तर आजोबा खुरपं घेऊन बसले होते. त्यांनी मान हलवली आणि कामाला लागले. मी शेवंतीच्या ओळी बघत कितीतरी वेळ उभी होते. तू असतीस तर त्यांच्याशी खतावर बोलली असतीस, भाषा येवो न येवो.

येताना नागानो स्टेशनवरून खासगी रेल्वे घ्यायची, नागानो देनतेत्सू. अर्ध्या-पाऊण तासाचा प्रवास. त्यांच्याकडे एके काळी टोकियोजवळ धावणारी जुनी गाडी आहे, तिच्यात चालक वरच्या मजल्यावर बसतो आणि पुढच्या काचेशी प्रवाशांच्या जागा असतात. बाबांना तिथंच बसवणार.

नागानोत झेनकोजी मंदिर तर होईलच. तिथली मूळ मूर्ती भारतातून कोरियामार्गे आली अशी आख्यायिका आहे. ती मूर्ती कुणालाच दाखवत नाहीत. पण दाराशी बिनझुरूची लाकडी मूर्ती आहे, म्हणजे बुद्धाचा शिष्य पिंडोल भारद्वाज. आपलं जे दुखतं तोच त्याचा अवयव लोक चोळतात, त्यानं तो पार गुळगुळीत झालाय. आई, त्याचा गुडघा तुझ्यासाठी राखून ठेवलाय.

तर ठरवा. घट उठले, दसरा झाला की निघायचं आणि दिवाळीच्या आत परत कराडला. आमंत्रणाचं पत्र आणि हमीपत्र मी कुरिअरनं पाठवते, व्हिसाचे बाकीचे कागद दादा जमवेल. बाबांचा पासपोर्ट संपत आलाय, तेवढं काम आधी करा. डॉक्टरांकडून गोळ्यांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून घ्या आणि महिन्याभराच्याच गोळ्या आणा, त्याहून जास्त आणायच्या तर आधी परवानगी लागते. स्वेटर आणू नका, इथं घेऊ. मेतकूट आणि कांदा-लसूण मसाला मात्र आठवणीनं आणा.

गणपतीच्या आधी तारीख कळवा म्हणजे मला रजा टाकता येईल.

तुमची,
मनू