काका, इंजिन न उघडल्याबद्दल आभार

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘चहा सांगू का?’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे लिहून पाठवतो आहे, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितो आहे. जुन्या गाड्या जिवापाड सांभाळणारी माणसं पुण्यात पुष्कळ आहेत. माझी सुझुकी आरई-५ ही मोटरसायकल दुरुस्त करताना तुम्ही नेमकं काय केलंत, ते त्यांच्याही उपयोगी पडेल.

गाडी मामांची. कुवेतची नोकरी संपवून परत येताना त्यांनी ती सोबत आणली. १९७५चं मॉडेल. जर्मनीच्या एनएसयू कंपनीत फेलिक्स वांकेल यांचं रोटरी इंजिन १९५७ साली पहिल्यांदा चाललं. सुझुकीने त्याचा परवाना १९७०मध्ये घेतला आणि १९७४मध्ये ही गाडी बाजारात उतरवली. पण मधे १९७३चं तेलसंकट येऊन गेलं होतं, आणि हे इंजिन पेट्रोलला हावरं. १९७६मध्ये उत्पादन बंद. ४९७ सीसी, ६२ हॉर्सपॉवर, वजन २३० किलोच्या घरात. इटलीच्या जुजारोंनी आखलेलं ते नळकांड्यासारखं मीटर, चावी फिरवल्यावर आपोआप उघडणारं त्याचं झाकण, हे सगळं मी लहानपणी मामांच्या पुढ्यात टाकीवर बसून पाहिलंय. ही गाडी भंगारात जाणं मला सहनच झालं नसतं.

आणि वेळ तशीच आली होती. गाडी सुरू व्हायची, स्लो स्पीडला नीट चालायची. जरा रेस दिली की गुदमरायची, पुढे एकदम उचलायची. रेस सोडली की हिसके द्यायची, सायलेन्सरमध्ये फटाके फोडायची. जिथे नेली तिथे एकच निदान: कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) गेलं, इंजिन उतरवा. एका गॅरेजमध्ये तर बोअर आणि पिस्टनचा अंदाजही लिहून दिला होता. या इंजिनात पिस्टनच नाही, हे सांगितल्यावर तिथे कुणी पुढे बोलायला तयार झालं नाही.

नाना पेठेतल्या एका स्पेअर पार्ट्सच्या दुकानदाराने तुमच्याकडे धाडलं. तुम्ही गाडीकडे बराच वेळ नुसतं बघत राहिलात आणि म्हणालात, ‘मी हे इंजिन आजवर पाहिलेलं नाही. मॅन्युअल असेल तर ठेवून जा. वाचल्याशिवाय हात लावणार नाही.’ इतक्या वर्षांत असं म्हणणारे तुम्ही पहिलेच.

पुढच्या वेळी आलो तर तुमच्या दुकानातल्या शहाबादी फरशीवर खडूने इंजिनातल्या रोटरचं घर काढलेलं होतं, कंबरेत किंचित आवळलेला लंबगोल. जाड पुठ्ठ्याचा फुगीर बाजूंचा त्रिकोण, म्हणजे रोटर, कापून तुम्ही तो आत ठेवलात आणि दोन बोटांनी हळूहळू फिरवायला लागलात. तिन्ही टोकं सतत भिंतीला टेकलेली. एका बाजूला पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतंय, दुसऱ्या बाजूला दाबलं जाऊन पेटतंय, तिसऱ्या बाजूने धूर बाहेर पडतोय, सगळं एकाच वेळी. रोटर एकदा फिरेपर्यंत शाफ्ट तीनदा फिरतो, म्हणजे शाफ्टच्या दर फेरीला एक स्फोट. तिथे तुम्ही थांबलात आणि तुमचा चेहरा उजळला. ‘अहो, मग टायमिंगच्या हिशेबात ही आपली टू-स्ट्रोकच झाली की!’ उभं आयुष्य लँब्रेटा आणि चेतकची टायमिंगं लावण्यात घालवलेल्या माणसाला एका वाक्यात इंजिनाची ओळख पटली. मी मॅन्युअल कितीदा चाळलं असेल, पण इंजिन खरं कळलं ते त्या पुठ्ठ्यामुळे.

मग कॉम्प्रेशन. नेहमीचा गेज प्लगच्या जागी लावला की तो सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतो. रोटरच्या तीन बाजूंपैकी एक जरी चांगली असली तरी आकडा चांगलाच दिसणार, बाकीच्या दोन गेलेल्या असल्या तरी. तुम्ही गेजमधली पिन काढून टाकलीत आणि मला स्टार्टर मारायला लावलंत. काटा आकडा धरून न ठेवता उड्या मारायला लागला. तुम्ही कान आणि डोळे दोन्ही लावून बसला होतात. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. तिन्ही उड्या सारख्या. ‘रोटरच्या टोकांवरचे, दाब धरून ठेवणारे सील शाबूत आहेत. हे इंजिन उघडायचं नाही,’ असं म्हणून तुम्ही पाना खाली ठेवलात. काका, माझ्यावर सगळ्यात मोठा उपकार हाच. या गाडीचे सील आणि गॅस्केट परदेशातून मागवावे लागतात, आणि जे चांगलं चाललंय ते उघडलं की पुन्हा तसंच बसेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

खरा दोष बाहेरच होता. या गाडीत मूठ पिळली की कार्ब्युरेटरची झडप (बटरफ्लाय) तर उघडतेच, शिवाय इनटेकमधला पोर्ट व्हॉल्व्हही उघडतो आणि सीलना तेल पाजणारा पंपही हलतो. कमी वेगाला हवा बारीक वाटेने जोरात जावी, जास्त रेस दिल्यावर मोठी वाट खुली व्हावी, अशी ती रचना. कुणीतरी पोर्ट व्हॉल्व्हची केबल ताणून ठेवली होती, त्यामुळे मोठी वाट वेळेआधीच उघडत होती. हवेचा जोर मोडायचा आणि गाडी गुदमरायची. तुम्ही एकेक केबल सैल करून मॅन्युअलप्रमाणे क्रमाने लावलीत. तेलपंपाची खूण जुळल्यावर पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका दिलात, म्हणजे पुढे कधी सरकलं तर नजरेला कळेल. तो ठिपका मी आजही गाडी काढण्याआधी बघतो. तेल कमी पडलं तर या इंजिनाचे सील वाचत नाहीत.

हिसक्यांचं कारण तर माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. या गाडीत ठिणगी कधी पडायची ते ठरवणाऱ्या पॉइंटचे दोन संच आहेत. रेस सोडून गाडी नुसती ढकलली जात असताना दुसरा संच काम करतो आणि रोटरच्या दर एकाआड एक बाजूलाच ठिणगी पडते, म्हणजे धक्के बसत नाहीत. हा बदल कधी करायचा ते एक व्हॅक्यूम स्विच ठरवतो, आणि त्याची रबरी नळी क्लिपच्या आत चिरली होती. वरून दिसत नव्हतं. तुम्ही ती काढून एक टोक बोटाने दाबून फुंकलीत आणि माझ्या तळहातावर धरलीत. हवा लागली. जुन्या बाजारात मिळणाऱ्या साध्या नळीच्या तुकड्याने काम झालं.

जेटच्या, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या, बाबतीतली तुमची सबुरीही इथे लिहायलाच हवी. मला वाटत होतं, पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, हवा विरळ, म्हणजे मिश्रण जरा जाड (पेट्रोल जास्त) होत असणार, जेट लहान करावा. तुम्ही म्हणालात, ‘आता पंपावर इथेनॉल घातलेलं पेट्रोल आहे, ते उलटं ओढतं. आधी प्लग बघू.’ गाडी दिवे घाटात चढवून इंजिन तिथेच बंद केलं, प्लग काढला, तर पांढुरका. मिश्रण पातळ होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. जेट एक नंबर मोठा केलात. मी माझ्या मनाने लहान केला असता तर इंजिन तापून सील जायला वेळ लागला नसता.

पैशांचं तर बोलूच नका असं तुम्ही सांगितलंत, म्हणून बोलत नाही. तुमच्याकडे हाताखाली शिकणारा जो मुलगा आहे, त्याला तुम्ही प्रत्येक पायरीला जवळ बोलावून दाखवत होतात, त्याचं मला फार अप्रूप वाटलं. परवा त्याने मला न विचारता तेलपंपाचा ठिपका तपासला.

गाडी आता स्लो स्पीडला एकसारखी घुमते. रेस दिली की सरळ उचलते, आणि घाट उतरताना हिसका नाही. एक बारीक गोष्ट राहिली आहे. गरम इंजिन बंद करून थोड्या वेळाने सुरू केलं की चोक न लावताही पेट्रोलचा वास येतो. कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नसावी, असा माझा अंदाज. तुमचं मत ऐकल्याशिवाय कार्ब्युरेटर उघडणार नाही.

मामा दिवाळीत नाशिकहून येणार आहेत. गाडी चालताना ऐकण्याआधी त्यांना तुम्हाला भेटायचं आहे, तसं त्यांनी बजावून सांगितलंय. भाऊबीज झाल्यावर कोणता दिवस तुम्हाला सोयीचा, तेवढं कळवा. दुकानात की घरी, तेही सांगा.

आपला,
कोथरूडचा आरई-५वाला