आकाशदर्शनाच्या कॅम्पची तारीख ठरवण्याआधी चंद्र बघा
मंडळी, सगळे सुट्टीचे वार बघतायत पण आधी चंद्र बघा ना, पौर्णिमेच्या आसपास गेलो तर आकाश इतकं उजळलेलं असतं की आकाशगंगेचा पट्टा दिसतच नाही, म्हणून अमावस्येच्या मागचे-पुढचे दोन-तीन दिवसच धरूया. जागा शहराच्या दिव्यांपासून लांब हवी आणि ती रात्रीच जाऊन बघा, दिवसा मस्त वाटलेल्या माळावर रात्री कुठेतरी एकच हॅलोजन लागलेला असतो आणि सगळं वाया! डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात, मोबाईल चमकला की परत पहिल्यापासून, त्यामुळे प्लीज टॉर्चला लाल जिलेटीन पेपर लावूनच या. कोणी जागा बघितली असेल तर आजच ग्रुपवर टाका.