यकृतात निजलेला ताप

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आईचा फोन आला. पाच महिन्यांनी तुम्हाला पुन्हा हुडहुडी भरली, रक्तात पुन्हा मलेरियाचा व्हायवॅक्स हा परजीवीच निघाला आणि तुम्ही मच्छरदाणीच्या नावाने खडे फोडताय. बाबा, मच्छरदाणीचा दोष नसेलही. ही करणी बहुधा जुन्याच डासाची आहे.

इथे प्रयोगशाळेत मी सध्या दिवसभर काचपट्ट्या बघतो. गीम्सा नावाच्या रंगाने रंगवलेली पट्टी, वर तेलाचा थेंब, शंभरपटीचं भिंग. व्हायवॅक्स शिरलेली तांबडी पेशी लगेच कळते: शेजारणींपेक्षा फुगलेली, आत बारीक गुलाबी ठिपके, आणि परजीवी शाई सांडल्यासारखा वेडावाकडा पसरलेला. मलेरियाचा दुसरा परजीवी, फाल्सिपेरम, मात्र लबाड. त्याच्या नाजूक अंगठ्याच तेवढ्या दिसतात. वाढलेली रूपं बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात, अगदी मेंदूतसुद्धा. तो निघाला नाही, हे नशीब.

डासाच्या मादीच्या लाळेतून परजीवी आधी यकृतात जातात. बरेचसे तिथे वाढून रक्तात उतरतात आणि दर ४८ तासांनी पेशी फोडतात, म्हणून ताप एक दिवसाआड. पण व्हायवॅक्सचे काही जण वाढतच नाहीत. यकृताच्या पेशीत एकेकटे निजून राहतात आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी उठतात. डॉक्टर रोनाल्ड रॉसला १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात परजीवी सापडला, पण माणसाच्या यकृतातला मुक्काम कळायला १९४८ उजाडलं, आणि हे निजलेले तर १९८०च्या दशकात दिसले. त्यांनी तुम्हालाही चकवलं, यात नवल नाही.

क्लोरोक्विन रक्तातल्यांना मारतं, निजलेल्यांना नाही. त्यांच्यासाठीच ती १४ दिवसांची प्रायमाक्विन होती. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून तुम्ही पाकीट कपाटात टाकलंत, असं आई म्हणाली. (तिच्यावर रागावू नका, मीच खोदून विचारलं.)

आता ते जुनं पाकीट मनाने उघडू नका. गोळ्या मध्येच सोडल्या होत्या, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि जी-सिक्स-पीडी या तांबड्या पेशींतल्या विकराची (एन्झाइमची) तपासणी झाली होती का, तेही विचारा. ते विकर कमी असेल तर याच गोळीने तांबड्या पेशी फुटतात. लघवी काळसर दिसली तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठा.

रिपोर्टचा फोटो पाठवा. आईला नमस्कार.

तुमचा,
बाळू