माळवदाला बक्षीस मिळालं, वरची माती कोण उतरवणार?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आर्किटेक्चरच्या एका मुलाच्या थिसिसला बक्षीस मिळाल्याची बातमी वाचली, विषय आमच्याकडची माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची घरं. आधी त्या मुलाचं अभिनंदन करतो, उगाच कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्याला पोरांचं कौतुक बघवत नाही. पाचव्या वर्षाला ही पोरं रात्र रात्र जागून शीटं काढतात हे मला माहीत आहे, आमची पुतणी त्यातूनच गेली, त्या वर्षी घरात जेवायला बसलं तरी ताटात कागदाचे कपटे यायचे. तर अभिनंदन. आता पुढचं.

बातमीसोबत जो मोठा फोटो छापलाय त्यात मुलाच्या मागे त्याची शीट लावलेली दिसते. त्या शीटच्या उजव्या कोपऱ्यात माळवदावर हातात माती ठोकायचं चोपणं घेऊन पाठमोरा माणूस उभा आहे बघा. ते आमचे नाना. माझे सख्खे चुलते, गवंडी. पाठमोरे असले म्हणून काय झालं, घरचा माणूस चालीवरून ओळखू येतो, आणि माळवदावरचं ते साणं (उजेडासाठीचं भोक) पण आमचंच आहे, कडेचा दगड तुटलेला. शीटवर खाली काय लिहिलंय म्हणून भिंग घेऊन बघितलं तर 'स्थानिक कारागीर'. बातमीत मुलाचं नाव आहे, गाईड मॅडमचं आहे, परीक्षकांची सगळ्यांची आहेत, प्रायोजकाचं तर ठळक आहे (मातीच्या घराच्या बक्षिसाला सिमेंट कंपनी प्रायोजक, हे तुमच्या बातमीदाराला अजिबात खटकलं नाही याचं मला विशेष कौतुक वाटलं). नाना तेवढे स्थानिक राहिले.

तो मुलगा आणि बरोबरची पोरं आमच्याकडे आली होती तेव्हा ऐन एप्रिल होता. कॉलेजचं नाव घेत नाही, तुम्ही छापलंच आहे. चांगली पोरं, खोटं कशाला बोलू. लेझरने मापं घेतली, ड्रोन उडवला तेव्हा अख्खी गल्ली जमा झाली, आमच्या ढाळजेतच (दारालगतच्या पडवीत) झोपायची आणि पहाटे गार लागतं म्हणून पांघरूण मागायची. नानांना भर उन्हात माळवदावर चढवलं आणि म्हणाले काका तुम्ही एकदा सगळं पहिल्यापासून सांगा, आम्ही रेकॉर्ड करतो. नानांनी सांगितलं. खांबावर तुळई, तुळईवर लगी (आडवी लाकडं), त्यावर किलचन (लाकडाच्या पट्ट्या), मग लिंबाचा नाहीतर तरवडाचा पाला, त्यावर चिखलाचा थर आणि सगळ्यात वर गावच्या पांढरीतली (जुन्या गावठाणातली) खारवट माती, तीच का तर पाणी आत जाऊ देत नाही. ढाळ (उतार) कुठल्या बाजूला द्यायचा, पन्हाळ (पाणी बाहेर टाकणारी नळी) किती बाहेर काढायची म्हणजे भिंत भिजत नाही, पावसाळ्यानंतर वर उगवलेलं गवत मुळासकट का उपटायचं, सगळं. तासभर बोलले असतील, घसा सुकला माणसाचा.

आणि शेवटी जे सांगितलं ते मी शेजारी उभा राहून ऐकलंय. म्हणाले, गळतंय म्हणून लोक दर मिरगाच्या आधी वर माती टाकतात, पण जुनी कोणी उतरवत नाही. आमचे वडील चार-पाच वर्षांनी जुनी खरवडून खाली टाकायला लावायचे आणि मगच नवी घालायचे. आता ती मजुरी कोण देणार म्हणून नुसती वर टाकतात. घर त्यानं पडतं, हे लिहून घ्या.

पोरांनी मान हलवली. शीटवर हे नाही. पुतणीने मोबाईलवर ती शीट मोठी करून दाखवली (कॉलेजने टाकलीय), मी एक एक अक्षर वाचलं. उन्हाळ्यात आत किती थंड, त्याचे निळे-लाल बाण आहेत. कार्बनचं आहे. साण्यातून येणाऱ्या उजेडाचं सुंदर चित्र आहे, खरंच सुंदर. मातीच्या वजनाचा एक शब्द नाही.

मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो म्हणून हिशोबच सांगतो. दहा बाय दहाची साधी खोली धरा, वर एक फूट माती. साडेचार टनांच्या आसपास वजन होतं. दर वर्षी पाटी पाटी टाकत ती दोन फुटांवर गेली की नऊ टन, आणि पावसात भिजली की अजून जास्त. हे खाली झोपलेल्या माणसाच्या डोक्यावर. निळे-लाल बाण काढणाऱ्याला हा गुणाकार येत नसेल असं मला वाटत नाही, पाच वर्षं शिकलाय तो.

हे मी लातूर जिल्ह्यातून लिहितोय साहेब. ३० सप्टेंबर १९९३ काय होतं ते तुमच्या वाचकांना सांगायची गरज नाही. विसर्जन करून दमून झोपलेली माणसं, चार वाजायच्या आत सगळं संपलं, सरकारी आकड्यात जवळपास आठ हजार. किल्लारीचा भूकंप ६.२ मॅग्निट्यूडचा होता, जगात त्याहून मोठे धक्के माणसं पचवतात. इथं पचला नाही कारण दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, त्यांची आतली बाजू वेगळी बाहेरची वेगळी, मध्ये दगडगोटे आणि माती कोंबलेली, दोन्हीला धरून ठेवणारा आरपार दगड कुठेच नाही, आणि वर वर्षानुवर्षांची न उतरवलेली माती. ज्या घरांचे लाकडी खण (खांब-तुळयांचा सांगाडा) मजबूत होते तिथं भिंती ढासळल्या पण माळवद खांबांवर उभं राहिलं आणि खालची माणसं वाचली, असंही झालंय. म्हणजे वाचवणारी गोष्ट पण जुन्याच घरात होती आणि मारणारी पण. मग जुनं ज्ञान म्हणून बक्षीस देताना यातलं कुठलं देताय ते सांगा ना. भूकंपानंतर पडायची राहिलेली घरं मजबूत करताना तरी वेगळं काय सांगितलं होतं? वरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, खांब-तुळईच्या सांध्याला तिरके टेकू द्या. आयएस १३८२८ म्हणून भारतीय मानकाचा कोडच आहे दगड-मातीच्या अशा बांधकामाचा, त्याच १९९३ सालातला. परीक्षकांपैकी एकाने तरी त्या मुलाला विचारलं असेल का?

पुतणी म्हणते काका तुम्ही फार निगेटिव्ह आहात, थिसिस ही कल्पना असते, बांधायची नसते. का नसते? तिनेच मला पूर्वी बांगलादेशातल्या रुद्रपूरची शाळा दाखवली होती. आना हेरिंगर नावाच्या मुलीचा तो कॉलेजचा थिसिस होता, पुढे ती शाळा गावातल्या मजुरांना घेऊन खरोखर उभी राहिली, चिखलात पेंढा घालून जनावरांकडून तुडवून भिंती घातल्या, पण खाली विटांचा पाया आणि ओल वर चढू नये म्हणून थर दिला, कारण तिथल्या जुन्या घरांचं तेच दुखणं होतं. २००७ ला तिला आर्किटेक्चरचा आगाखान पुरस्कार मिळाला. तो बुर्किना फासोचा फ्रान्सिस केरे, ज्याला २०२२ ला प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरचं सगळ्यात मोठं बक्षीस मिळालं, त्याने बर्लिनला शिकत असतानाच स्वतःच्या गांदो गावात शाळा बांधली, भिंती मातीच्याच ठेवल्या आणि वर पत्र्याचं छप्पर उचलून धरलं. यांनी जुन्याचं जे दुखतं तिथं हात घातला. आमच्या पोरांनी आमच्या माळवदाचा फोटो काढला.

इकडे गावात काय चाललंय ते पण ऐका. घरकुलाचे सरकारी पैसे मंजूर झाले की पहिलं काम माळवद उतरवणं, सागवानी तुळया जुन्या बाजारात जातात आणि त्या पैशात भर घालून वर पत्रे. मे महिन्यात त्या पत्र्याखाली दुपारी बसून दाखवा. लोकांना दोष देत नाही मी, ज्यांनी ती पहाट बघितली त्यांना दगडाच्या भिंतीजवळ खाट टाकायला आजही नको वाटतं. पण माती अर्धी करून, सांधे बांधून, भिंतीत आरपार दगड घालून माळवद ठेवता येतं, आणि ते करणारे हात आता आमच्या पंचक्रोशीत नानांसकट मोजकेच उरलेत, त्यांच्याकडे शिकायला एकही पोरगा येत नाही कारण रोजगार मिळतो तो स्लॅबच्या कामावर. त्या बक्षिसाच्या रकमेतून एका उन्हाळ्यात एक माळवद नीट करून झालं असतं, नानांना रोजंदारी देऊन. मुलाने पण चोपणं हातात धरलं असतं.

पोरांनी जाताना थिसिसची प्रिंट पाठवतो म्हणून पत्ता लिहून नेला होता. नाना अधूनमधून पोस्टमनला विचारतात. बातमी मी त्यांना दाखवली, त्यांनी फोटो बघितला आणि म्हणाले, ढाळ उलट्या बाजूला काढलाय चित्रात. एवढंच म्हणाले. मी परत जाऊन शीट बघितली, खरंच उलटा आहे, पाणी सरळ साण्यात जाईल. परीक्षकांच्या ते पण लक्षात आलं नाही.

मागच्या वेळी माझं पत्र छापलंत त्याबद्दल आभारी आहे पण मधला परिच्छेद कापून टाकल्यामुळे मी नेमका कशाला विरोध करतोय तेच कोणाला कळलं नाही, दोघांनी तर माझं अभिनंदन केलं. यावेळी जागा कमी पडली तर पुतणीचं कापा, बांगलादेश कापा, माझी ओव्हरसियरकी पण कापा, पण नानांनी माती उतरवण्याचं जे सांगितलं ते आणि साडेचार टनांचा हिशोब राहू द्या, कोणीतरी वाचेल आणि पावसाळ्याआधी वर चढून बघेल.

आणि शनिवारची वास्तू-घराची पुरवणी आमच्या तालुक्यात रविवारी दुपारी येते, कधी येतच नाही, अंकाची किंमत वाढवलीत तेव्हापासून हे जास्तच झालंय. एजंटला विचारलं तर तो तुमच्या ऑफिसकडे बोट दाखवतो. तेवढं बघावं ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक
ता. औसा, जि. लातूर
(नाव-पत्ता सोबत दिलाय, छापू नये. नानांचं छापायचं असेल तर त्यांना विचारून छापा, ते हो म्हणतील.)