मास्क ओढू नकोस

प्रिय सुधीर,

विमानाच्या केबिनमध्ये धूर झाला तर वरचा ऑक्सिजन मास्क ओढायचा, असं तू ठरवूनच टाकलं आहेस! अरे बाबा, तसलं काही करू नकोस. ते मास्क हवेचा दाब कमी झाला तर वापरायचे. त्यांत केबिनमधली हवाही मिसळते, म्हणजे धूर नाकात जाणारच. वर आगीला आयता प्राणवायू मिळतो. ओला रुमाल नाकातोंडावर धर आणि खाली वाक. वैमानिकांचे मास्क वेगळे, घट्ट बसणारे, शुद्ध ऑक्सिजनचे. धुराचा वास आला की ते आधी तेच चढवतात.

परवा आम्हा केबिन क्रूचं उजळणी प्रशिक्षण झालं. धुराने भरलेल्या खोलीत स्मोक हूड (धुरात श्वास घेता यावा म्हणून डोक्यावर चढवायचं आवरण) घालून रांगत गेलो. डोक्यात स्वतःचाच श्वास घुमतो, बाकी काही ऐकू येत नाही. (गुडघे अजून दुखताहेत, वय झालं.) टॉयलेटमधून धूर येत असला तर दार हाताच्या पालथ्या बाजूने चाचपायचं, फटीएवढंच उघडून हॅलॉन (आग विझवायचा वायू) मारायचा. सताड उघडलंस की भडका.

फोन, पॉवर बँकच्या बॅटरीचं दुखणं निराळंच. हॅलॉनने ज्वाळा जातात, पण आतला एक सेल शेजारच्याला तापवत राहतो. म्हणून त्यावर पाणी ओतत राहायचं. बर्फ मात्र नाही, तो उष्णता कोंडून धरतो. आणि फोन सीटच्या फटीत गेला तर सीट हलवू नकोस, आम्हाला हाक मार. चेपला की पेटतो.

1998 साली स्विसएअर 111 मध्ये पहिला वास आल्यापासून जेमतेम वीसेक मिनिटांत विमान समुद्रात कोसळलं, 229 माणसं गेली. पण मला जास्त छळतो तो 1980 चा रियाधचा अपघात. सौदिया 163 ला आग लागली होती, तरी ते धावपट्टीवर सुखरूप उतरलं होतं रे! उतरल्यावर लगेच थांबून माणसं बाहेर काढायची, तर ते धावपट्टीवरून वळून बाजूच्या टॅक्सीवेवर गेलं. थांबल्यावरही इंजिनं तीन मिनिटांहून जास्त सुरूच होती. दार बाहेरून उघडेपर्यंत वीसेक मिनिटं गेली. 301 पैकी एकही वाचला नाही. प्रशिक्षणात ही गोष्ट निघाली की खोलीत कुणी बोलत नाही.

बसलास की दारापर्यंतच्या रांगा मोज, पुढच्या आणि मागच्याही. धुरात हाताने चाचपत जावं लागतं. बॅग तिथेच सोडायची.

आणि ती तुझी फुगलेली पॉवर बँक विमानात आणूच नकोस. पोचलास की कळव.

तुझा,
अविनाश